साडूची गाडी न थांबता जाते

अण्णाराव वायरमनला उमरग्यात दोन गोष्टींसाठी ओळखतात. वादळात तुटलेली तार तो इतरांच्या आधी हुडकून काढतो, ही एक. दुसरी म्हणजे तो मोजतो. काय मोजतो म्हणाल तर सगळंच, फक्त दुसऱ्याचं आधी आणि स्वतःचं नंतर. लहानपणी आई ताटात तूप वाढायला लागली की याची नजर स्वतःच्या ताटावर नसायची, धाकट्या भावाच्या ताटावर असायची. नोकरीला लागल्यावर जोडीदाराला नवी शिडी मिळाली आणि याच्या वाट्याला जुनी आली, तर यानं आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तसा माणूस वाईट नाही. लाईट गेली म्हणून कुणी हाक मारली तर जेवणावरून उठून जाईल. पण दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नाही, आणि बघवत नाही हे त्याला स्वतःलाही ठाऊक आहे. ठाऊक असून काही फरक पडत नाही, हीच त्याची अडचण.

आयुष्यात एकच जागा अशी होती की जिथं मोजायची गरज पडत नव्हती, ती म्हणजे सासरवाडी. अणदूरच्या हरिबांना मुलगा नाही, दोन मुली. थोरली अयोध्या अण्णारावला दिली, तेव्हा धाकटी अक्षदा परकर-पोलक्यात होती. म्हणजे पुढची नऊ वर्षं अण्णाराव त्या घरचा एकटा जावई. ताट पहिलं त्याचं, पाट पहिला त्याचा, सल्ला शेवटचा त्याचा. हरिबांना कुठं जायचं झालं, सोलापूरचा दवाखाना असो की नातलगाचं लग्न, की फोन यायचा, "जावईबापू, जरा जायचं हुतं. सवड हाय का?" सवड नसली तरी अण्णाराव काढायचा. त्या फोनची वाट बघायचा म्हटलं तरी चालेल. साहेब लोक त्याला नुसतं 'ए अण्णा' म्हणायचे. सवड आहे का असं विचारणारा माणूस जगात एकच होता.

मग अक्षदाचं लग्न झालं आणि रणधीर आला. तुळजापूरकडचा, बागायतदाराचा मुलगा, द्राक्षबाग, ठिबकचं दुकान, वर बोलायला गोड. अण्णारावला तो पहिल्या दिवसापासून 'दादा' म्हणतो. त्यात खोट काढायला जागा नाही, आणि अण्णारावला जास्त राग त्याचाच येतो. भांडखोर साडू एकवेळ परवडतो. ज्याच्यावर मनमोकळं चिडताही येत नाही असा साडू म्हणजे पायातला काटाच.

तरीही एका बाबतीत अण्णाराव पुढं होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं विजेवरची गाडी घेतली. उमरग्यात तेव्हा अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. वायरमननं विजेची गाडी घेतली म्हणून लोक बघायला आले, चहा पिऊन गेले. अणदूरला हरिबांच्या पडवीत त्यानं स्वतःच्या हातानं जाड वायर ओढून पंधरा अँपिअरचा बोर्ड बसवला. घरात त्याला 'अण्णारावांचा बोर्ड' म्हणायला लागले. गाडी लहान होती, बॅटरी तीस युनिटची. पूर्ण भरली की दोनशे-दोनशे दहा किलोमीटर जायची. घरच्या बोर्डावर भरायला दहा तास, महामार्गावरच्या मोठ्या चार्जरवर तासभर. लांबच्या वाटेला एकदा थांबावं लागायचं. पण तेव्हा तुलनेला दुसरी गाडीच नव्हती, त्यामुळं ती गाडी जगात उत्तम होती.

गेल्या दसऱ्याला रणधीरनं घेतली. बॅटरी दुप्पट, साठ युनिटची. चारशेच्या घरात रेंज. मोठ्या चार्जरला लावली की चहा पिऊन होईस्तोवर वीस टक्क्यांची ऐंशी. घरावर सोलर, म्हणजे भरायलाही उन्हाशिवाय काही लागत नाही. रणधीर पेढे घेऊन उमरग्याला आला आणि म्हणाला, "दादा, तुमचं बघूनच घेतली बरं का." अण्णारावनं पेढा तोंडात टाकला. तो काही केल्या गिळवेना.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. महिनाभर त्यानं मोबाईलवर दोन्ही गाड्यांची माहिती वाचून काढली. रेंजमध्ये आपण मेलो. चार्जिंगच्या वेगातही मेलो. मग एक दिवस खांबावर चढलेला असताना त्याला सुचलं की एका युनिटला किती, हे कुणी विचारतच नाही. आपली गाडी हलकी, एका युनिटला सात किलोमीटर जाते. साडूचं धूड साडेसहाच्या वर जात नाही. खांबावरून उतरताना अण्णाराव हसत होता. पुढं जो भेटेल त्याला त्यानं हेच ऐकवलं. "रेंज काय, मोठी टाकी बसवली की कुणाचीबी वाढती. एका युनिटला किती जाती ते बोला." पानटपरीवाल्यानं ऐकलं, दवाखान्याच्या कंपाउंडरनं ऐकलं, ट्रकवाल्यांनी ऐकलं. अयोध्यानं इतक्या वेळा ऐकलं की ती भाकरी थापता थापता म्हणायची, "अर्धा किलोमीटर जास्ती जाती, आलं ध्यानात." साडूसमोर मिरवायला त्याच्याकडं एवढा अर्धाच किलोमीटर उरला होता.

पण खरं दुखणं गाडीचं नव्हतं. फेब्रुवारीत पुण्याला एक लग्न होतं, आणि हरिबा रणधीरच्या गाडीतून गेले. फोन अण्णारावला आला नाही. रणधीरच दारात गाडी घेऊन उभा राहिला, म्हाताऱ्याला बसवलं आणि अणदूर ते पुणे कुठंही न थांबता साडेपाच तासांत नेलं. ही न थांबण्याची हकीकत रणधीरनं इतक्यांना सांगितली की अण्णारावला ती पाठ झाली. आणि त्यानंतर हरिबांचा फोन यायचा बंद झाला. मार्चमध्ये यानं आपण होऊन विचारलं, "मामा, सोलापूरला डोळं दाखवायचं हुतं न्हवं?" तर म्हणाले, "राहू द्या, आता कुठं जावंसं वाटत न्हाय." एप्रिलमध्ये जवळच्या लग्नालाही गेले नाहीत. अण्णारावनं अर्थ काढला तो असा, की एकदा मोठ्या गाडीची गादी लागली, आता आपल्या डबड्यात म्हाताऱ्याला बसवत नाही.

त्याला मागच्या फेऱ्या आठवायच्या. तीनदा तो हरिबांना लांब घेऊन गेला होता, बीडच्या बाजूला. तिन्ही वेळा तेरखेड्याच्या ढाब्यावर चार्जरला थांबावं लागलं होतं. अण्णाराव ओशाळून म्हणायचा, "एवढाच तास बघा मामा." हरिबा म्हणायचे, "असू द्या की. आपल्याला काय घाई हाय." गाडीतून उतरून ढाब्याच्या मागं जाऊन यायचे, मग खाटेवर मांडी घालून भजी मागवायचे आणि वडिलांकडून ऐकलेल्या निजामाच्या वेळच्या गोष्टी सांगायचे. अण्णारावला तेव्हा वाटायचं, म्हातारा मोठ्या मनाचा आहे, माझ्या गाडीची लाज झाकतोय. आता वाटायचं, तेव्हाच मनात हसत असणार.

यंदा अधिक महिना आला. जेठ दुबार, ऊन पेटलेलं. धोंड्याच्या जेवणाला मथुराबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. अण्णारावला हे आवडलं नव्हतं. अधिकात जावई म्हणजे नारायण, आणि एका घरात एका दिवशी दोन नारायण कशाला, असं तो अयोध्याला म्हणालाही. ती म्हणाली, "आयचं गुडघं दुखत्यात. दोनदा पुरण घालायला लावताव का?"

दोन पाट शेजारी मांडले. ओवाळताना आधी यालाच ओवाळलं, तेव्हा जरा बरं वाटलं. मग ताट. तुपात बुडवलेले धोंडे दोघांना सारखेच. तेहतीस अनारसे त्यानं मोजले नाहीत, पण परातीची उंची नजरेनं ताडली. आहेर म्हणून दोघांना एकेक धोतर. दोघांपैकी कुणीच धोतर नेसत नाही, पण हरिबांचा हट्ट असतो, अधिकात जावयाला धोतरच द्यायचं. अण्णारावनं स्वतःच्या धोतराचा काठ चाचपला, रणधीरच्या धोतराचा काठ लांबून बघितला. एकाच ताग्यातलं निघालं.

जेवणं झाल्यावर त्यानं एक बारीकसा कावा केला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुरुषोत्तमपुरीला जायचं ठरलं होतं. अधिकात त्या देवाला फार महत्त्व, आणि अणदूरहून सव्वादोनशे किलोमीटरची वाट. पडवीतल्या बोर्डावर सकाळपासून अण्णारावचीच गाडी लावलेली. अडीच वाजता गावाला वीज देणारा फिडर बंद होणार हे वायरमनला माहीत नसणार तर कुणाला. सव्वादोनला त्यानं मोठ्या मनानं पिन काढली आणि हाक मारली, "रणधीरराव, घ्या, लावा तुमची. माझी झाली शंभर."

रणधीर सुपारी कातरत म्हणाला, "राहू द्या दादा. माझी नव्वद हाय. उद्याला लई झाली."

अडीचला लाईट गेली. पंखे थांबले आणि सगळं घर घामाघूम झालं. अण्णाराव घरात कुणाकडंही न बघता बसून राहिला.

पहाटे सहाला निघायची तयारी. मथुराबाई, अक्षदा आणि तिची दोन पोरं रणधीरच्या गाडीत बसली. मागोमाग अयोध्याही तिकडंच चढली. अण्णारावनं बघितलं तशी म्हणाली, "तुमी एसी बंद ठिवणार. मला ठाव हाय." स्वतःची बायकोसुद्धा साडूच्या गाडीत, आणि तीही खरं बोलून गेलेली.

रणधीरनं पुढचं दार उघडून धरलं. "मामा, या. पुढं बसा ऐसपैस."

हरिबा उंबऱ्यात उभे होते. उपरणं खांद्यावर नीट केलं, एकदा मोठ्या गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "म्या अण्णारावांच्या गाडीत बसतो."

"अवो त्यात गरम हुईल तुमाला," अक्षदा म्हणाली.

"हुऊ दे."

अण्णारावला काय वाटलं हे सांगायचं तर, फेब्रुवारीपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. त्यानं पळत जाऊन दार उघडलं, गादी हातानं झाडली. रणधीरच्या तोंडाकडं बघायचा मोह त्याला आवरला नाही. रणधीर हसत होता. त्यानं काही फरक पडला नाही.

बसताना हरिबांनी ताकाचा दुसरा तांब्या रिकामा केला आणि विचारलं, "तेरखेड्याला थांबायचंच हाय न्हवं आपल्याला?"

झालेला सगळा आनंद त्या एका वाक्यानं आंबला. म्हणजे म्हातारा बसला तो बसला, पण ही गाडी पोचत नाही, थांबते, हे तोंडावर सांगूनच बसला. आणि तेही रणधीरच्या देखत. अण्णाराव ओठ आवळून म्हणाला, "बघू की मामा." आणि त्यानं मनात ठरवून टाकलं, आज थांबायचं नाही. तीस युनिट आणि सव्वादोनशे किलोमीटर. युनिटला आठ काढले तर पोचून वर पाच-सहा टक्के राहतील. पुरुषोत्तमपुरीच्या वेशीत साडूच्या मागोमाग गाडी नेऊन उभी करायची आणि मग बोलायचं, काय बोलायचं ते.

नळदुर्ग यायच्या आत रणधीरची गाडी दिसेनाशी झाली. अण्णाराव पंचावन्नच्या वर जाईना. ट्रक पुढं गेले, एसटी पुढं गेली, तुळजापूरच्या अलीकडं कडब्याचा टेम्पोसुद्धा हॉर्न देऊन पुढं गेला. एसी बंद. काचाही वर, कारण काच उघडली की वारा गाडी मागं ओढतो असं त्यानं वाचलं होतं. धाराशिव ओलांडलं तेव्हा ऊन काचेतून मांडीवर आलं होतं. हरिबा उपरण्यानं वारा घेत होते.

"उकडतंय का मामा?"

"न्हाय न्हाय. बेस हाय."

सासरा जावयाला उकडतंय म्हणत नाही. हे अण्णारावला ठाऊक होतं, पण सोयीचं उत्तर मिळाल्यावर कोण पुढं विचारतो. तो पडद्यावरचा आकडा दाखवून म्हणाला, "आठ पूर्णांक एक चाललीया बघा युनिटला. रणधीररावांची सहा देत नसंल ह्या टायमाला, एकशेदहानं हाणत असतील."

"व्हय का," हरिबा म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "तेरखेडा किती राहिलं?"

येडशीच्या घाटात त्यांनी परत तेच विचारलं. अण्णारावच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, हा माणूस माझ्या गाडीची रेंज किलोमीटरमागं मोजतोय. मोजणाऱ्याला सगळे मोजतायत असंच दिसतं, त्याला तरी काय दोष द्यायचा.

तेरखेडा आलं. फटाक्यांच्या दुकानांच्या लाल-पिवळ्या पाट्या सुरू झाल्या तसे हरिबा सरळ बसले. काढून ठेवलेल्या चपला पायानंच चाचपून घातल्या आणि दाराच्या कडीवर हात ठेवला. ढाबा दिसला. चार्जर रिकामा होता, खाटा सावलीत टाकलेल्या होत्या. अण्णारावनं गाडी तशीच पुढं काढली.

"ढाबा मागं राहिला की," हरिबा म्हणाले. त्यांनी मान वळवून मागं बघितलं.

"राहू द्या मामा. आज गरज न्हाय. आज दाखवतोच तुमाला."

हरिबा कडीवरचा हात तसाच ठेवून बसले. मग तो मांडीवर घेतला. अण्णारावला वाटलं, म्हातारा गार पडला. पुढची वीस मिनिटं तो गुणगुणत होता. पडद्यावर पंचावन्न टक्के, मग बावन्न, मग पन्नास. हिशोब तंतोतंत जुळत होता. आयुष्यात इतकी नेमकी मोजणी त्याची कधी साधली नव्हती.

चौसाळ्याच्या अलीकडं त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी हललं. हरिबांनी पाण्याची बाटली उचलली होती. त्यांनी टोपण काढलं, बाटली तोंडाला लावली नाही, आणि शांतपणे ती आपल्याच मांडीवर उपडी केली. पाणी धोतरावर, गादीवर, खाली पायाशी. बाटली रिकामी होईपर्यंत धरून ठेवली.

"सांडलं बघा," हरिबा समोर बघत म्हणाले. "हातातनं निसटली."

अण्णारावला पहिल्यांदा आठवली ती गादी. दोन महिन्यांपूर्वी घातलेलं नवं कव्हर. "अवो मामा..." असं काहीतरी तो चिडून बोलायला गेला आणि वास त्याच्या नाकाशी आला. बंद काचांच्या आत तो लपणार तरी कुठं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पोरींचा बाप, गावकीत ज्याच्या शब्दाला मान, तो खिडकीकडं तोंड करून बसला होता आणि त्याचा कान लालभडक झाला होता.

अण्णारावनं ब्रेक कधी दाबला ते त्यालाच कळलं नाही. रस्त्याकडेला पेट्रोल पंप होता, मागं लिंबाची सावली, संडास-मोरी, आणि एका बाजूला चार्जरचा खांब. त्यानं गाडी सावलीत घेतली.

"मामा, मला सांगायचं न्हवं का," तो म्हणाला.

हरिबांनी रिकाम्या बाटलीला टोपण लावलं. "जावयाला काय सांगायचं? गाडी थांबवा, मला जायचंय, असं दर दहा कोसाला? वरीस झालं, ही लघवी काय दम धरू देत न्हाय. घरात बी कुणाला ठाव न्हाय." मग ते सगळं एकदम बोलले. "पुण्याला जाताना रणधीररावांची गाडी कुठं थांबलीच न्हाय. त्यांला लई कौतुक त्याचं. मी दात दाबून बसलो. लगनात दोन दिस दुखत हुतं मला. तवापासनं कुठं जायाचं नावच काढलं न्हाय. आता देवाला जायाचं ठरलं, तर म्हणलं तुमच्या गाडीत बसावं. ती थांबती. तुमच्या गाडीत मला काय सांगावं लागत न्हाय."

अण्णाराव स्टिअरिंगला धरून बसला होता. फेब्रुवारीपासूनचा जळफळाट, कंपाउंडरला आणि ट्रकवाल्यांना ऐकवलेला तो अर्धा किलोमीटर, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. त्याची गाडी जी एक गोष्ट करू शकत होती आणि साडूची करू शकत नव्हती, नेमकी तीच त्यानं आज होऊ दिली नव्हती.

तो उतरला आणि डिकी उघडली. आहेराची पिशवी कालची तशीच होती. धोतर काढलं, घडी मोडली, आणि हरिबांच्या बाजूचं दार उघडून पुढं धरलं.

हरिबांनी हात मागं घेतला. "धोंड्याचं वाण हाय ते. जावयाला दिलेलं परत घ्यायचं नसतंय."

"परत घेऊ नका. नेसा नुसतं. माझंच हाय, माझंच राहील."

म्हाताऱ्यानं धोतराचा काठ बोटांनी चाचपला. मग घेतलं, आणि ओला सोगा आवरून हळूहळू मोरीकडं गेला. अण्णारावनं गादीचं कव्हर काढून पंपावरच्या नळाखाली धुतलं आणि लिंबाच्या फांदीवर टाकलं. पंपावरच्या पोऱ्याला त्यानं दोन चहा आणि भजी सांगितली. हरिबा नवं धोतर नेसून आले, कोरा कडक काठ, आणि सावलीतल्या बाकड्यावर बसले.

तेवढ्यात फोन वाजला. रणधीर. "दादा, कुठवर आलाव? आमी बीडच्या बायपासला थांबलोय तुमच्यासाठी. पोरं कंटाळली."

अण्णारावनं गाडीत वाकून पडद्याकडं बघितलं. शेहेचाळीस टक्के. राहिले पंचाण्णव किलोमीटर, लागणार चाळीस. पोचून सहा उरले असते. तो जिंकत होता, आणि हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

"चौसाळ्याजवळ थांबलोय," तो म्हणाला. "चार्जिंग संपलं."

"संपलं? तेरखेड्याला लावलं न्हाय?"

"न लावता काढली पुढं. वाटलं जाईल. न्हाय गेली."

पलीकडं रणधीर हसला. वाईट नाही, त्याच्या नेहमीच्या गोड स्वभावानं हसला. "दादा, आता विका ती. म्या म्हणत हुतो न्हवं, लांबच्या वाटंची न्हाय ती." फोन स्पीकरवर असणार, कारण मागून पोरं हसली, अक्षदा हसली, आणि अयोध्याचा आवाज आला, "युनिटला किती गेली म्हणावं?" मग सगळेच हसले.

अण्णारावच्या पोटात जळायचं ते जळलंच. शेहेचाळीस हा आकडा त्याच्या जिभेच्या टोकावर आला होता.

"पाच किलोमीटरबी न्हाय गेली," तो म्हणाला. "तुमी व्हा पुढं. आमाला तासभर लागंल. आणि परत येताना बी मामा माझ्याच गाडीत बसतील. लागंल तिथं थांबत यावं लागंल, तेवढं सासूबाईंस्नी सांगून ठिवा."

त्यानं फोन ठेवला, चार्जरची बंदूक उचलली आणि गाडीला लावली. हरिबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहा बशीत ओतला, आणि बाकड्यावर सरकून शेजारी त्याला जागा केली.

अण्णाराव जाऊन बसला. समोर पडद्यावर शेहेचाळीसचे सत्तेचाळीस झाले.